परक्या गावातला एक आठवडा

खाडीकाठच्या गावचा आमचा एक जुना विद्यार्थी बोटीवर खलाशी आहे. सुटीवर आला की तो आम्हांला भेटल्याशिवाय राहत नाही. मागच्या खेपेला तो थेट आमच्या रात्रीच्या वर्गावरच आला. वीस-बावीस माणसे पाटी-पुस्तक घेऊन बसली होती. तो मागे भिंतीला टेकून बसला. वर्ग संपत आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, मॉर्मन म्हणजे कोण हो?"

आम्ही एवढी वर्षे मास्तरकी केली, पण एक नियम सोडला नाही. ठाऊक नसेल तर सरळ "उद्या सांगतो" म्हणावे. तसेच म्हणालो. पण वर्ग उठेना. "तू काय पाहिलेस ते तरी सांग," असा गलका झाला. मग त्याने सांगितले ते असे.

त्याची बोट फिलिपीन्स देशात बातांगास नावाच्या बंदरात दुरुस्तीला लागली होती. फिलिपीन्स हा आपल्या पूर्वेकडचा, समुद्रापलीकडचा देश. सात हजारांहून जास्त बेटांचा. तिथे भातशेती आहे, नारळ आहेत, पाऊस आहे. आणि वादळे! वर्षाला सुमारे वीस वादळे त्या समुद्रात शिरतात. आपल्याकडे २०२० साली 'निसर्ग' वादळ आले, त्या एका वादळाने आपण किती हवालदिल झालो ते आठवा. कोकणातल्या माणसाला तो देश काही परका वाटायचा नाही.

बोटीवरच्या एका फिलिपिनो सोबत्याने आमच्या खलाशाला आपल्या मावशीच्या गावी नेले. मावशीचे छप्पर वादळाने उडवून नेले होते. घरावर दोन पोरे चढलेली. एक गोरा, उंच, घामाने लाल झालेला. दुसरा तिथलाच, सावळा, चपळ. दोघे पत्रे ठोकत होते. खलाशाला वाटले, गवंडी-सुतारांची माणसे असतील. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तीच दोन पोरे पांढरा सदरा घालून, टाय लावून, छातीवर नावाची काळी पट्टी अडकवून चिखलातून चालली आहेत. एकाच्या टाचेला पत्र्याने कापले होते, तो जरा लंगडत होता. बोट आठ-दहा दिवस अडकून होती. आमचा खलाशी पाळी मिळाली की गावात जाई. त्याने त्या पोरांचा जवळजवळ एक पूर्ण आठवडा पाहिला.

आम्ही मग तालुक्याच्या वाचनालयात गेलो. शहरातल्या मुलाकडूनही माहिती मागवली. दुसऱ्या आठवड्यात वर्गात सांगितले, तेच येथे लिहीत आहोत.

मॉर्मन हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ आहे. अमेरिकेत जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली तो सुरू केला. बायबलबरोबर 'मॉर्मनचा ग्रंथ' नावाचा दुसरा एक ग्रंथ ते पवित्र मानतात. त्यावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. त्यांना स्वतःला हे नाव आता फारसे आवडत नाही. २०१८ साली त्यांच्या प्रमुखांनी सांगितले, आम्हांला आमच्या पुऱ्या नावाने ओळखा. पुऱ्या नावाचा अर्थ 'येशू ख्रिस्ताच्या शेवटच्या काळातील संतांचे चर्च' असा होतो. येथे 'संत' शब्दावर अडखळू नका. आपल्याकडे संत म्हणजे ज्ञानोबा-तुकोबा. त्यांच्याकडे साधा श्रद्धावान सभासद म्हणजे संत. इतर ख्रिस्ती लोकांचे आणि त्यांचे फार पटले नाही. १८४४ साली जमावाने जोसेफ स्मिथला ठार केले. मग हे लोक बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली युटाह नावाच्या कोरड्या, डोंगराळ मुलखात जाऊन राहिले. आजही त्यांचे मुख्य ठाणे तिथेच, सॉल्ट लेक सिटी शहरात आहे.

या पंथात एक रीत आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षे घर सोडून धर्म सांगायला आणि लोकांची सेवा करायला जावे. मुलीही जातात, त्या दीड वर्ष. सक्ती म्हणता येत नाही, पण मुलग्याकडून ती अपेक्षा असते, आणि अपेक्षा किती जड असते ते घरोघरच्या थोरल्या मुलाला विचारा! जगभर अशी सत्तर हजारांहून जास्त मुले-मुली फिरत असतात. कुठे जायचे ते त्यांनी ठरवायचे नाही. पत्र येते, त्यात देशाचे नाव असते. पगार नाही. उलट घरून पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या घराला २०२० पासून महिन्याला पाचशे डॉलर, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर. गरीब देशांतल्या मुलांना पंथ मदत करतो.

ही मुले नेहमी जोडीने राहतात. एकाने एकट्याने कुठे जायचे नाही. सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणे नाही. सकाळी साधारण साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. दर काही आठवड्यांनी जोडीदार किंवा गाव बदलतो. मुलग्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. आडनावाआधी 'एल्डर' लावतात. एल्डर म्हणजे वडीलधारा. ओठावर अजून मिसरूड नीट फुटलेली नाही आणि म्हणे वडीलधारा! वर्गात हे ऐकून सगळे खो खो हसले.

आता त्यांचा आठवडा.

सोमवार म्हणजे त्यांचा घरकामाचा दिवस. बादलीत कपडे भिजवायचे, घासायचे, वाळत घालायचे. बाजार करायचा. केस कापायचे. आणि घरी फोन करायचा. फिलिपीन्समध्ये सोमवारची सकाळ असते तेव्हा युटाहमध्ये रविवारची संध्याकाळ असते. पूर्वी हा फोन वर्षातून फक्त दोनदा करता येई, एरवी पत्रे. २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. गोऱ्या पोराने आमच्या खलाशाला सांगितले, "पहिल्या महिन्यात मी फोनवर नुसता रडायचो. आई काही बोलायची नाही. रडणे संपेपर्यंत थांबायची."

आमचा खलाशी हे सांगताना स्वतःच थांबला. तोही पहिल्या खेपेला एकोणीस वर्षांचाच होता.

मंगळवारी आसपासच्या चार-पाच जोड्या एकत्र जमतात. कुणाचे कसे चालले आहे ते बोलतात. मग भाषेचा अभ्यास. मंडळी, येथे तुम्ही जरा कान देऊन वाचा, कारण हे तुमच्या कामाचे आहे. युटाहमध्ये प्रोव्हो नावाच्या गावी या मुलांची मोठी शाळा आहे. पन्नासांहून जास्त भाषा तिथे शिकवतात. पण वेळ थोड्या आठवड्यांचाच. तेवढ्यावर मुलगा परक्या देशात जाऊन उभा राहतो. तिथे चार वर्षांचे पोरही त्याच्याहून चांगले बोलते. काय लाज वाटत असेल! या वर्गात पहिल्या दिवशी पाटी पदराखाली लपवून आलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. स्वतःच्या नातवासमोर 'क' गिरवणारे आजोबा पाहिले आहेत. तीच गत.

बातांगासची भाषा तागालोग. त्या भाषेत मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात 'पो' हा शब्द घालतात. आपण 'अहो' किंवा 'जी' म्हणतो तसे. दारात उभे राहून हाक मारायची ती 'ताओ पो!' अशी. ताओ म्हणजे माणूस. म्हणजे 'माणूस आलाय, जी!' असे म्हणून थांबायचे. घरातले वडीलधारे भेटले तर त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावायचा. गोऱ्या पोराला हे सगळे लवकर जमले. अडले ते एका लहानशा शब्दावर.

वहीत दोन शब्द लिहा. आपण. आम्ही. दोन्हींचा अर्थ पुष्कळ जण. पण 'आपण जेवू' म्हटले की समोरचाही जेवायला आला, आणि 'आम्ही जेवू' म्हटले की समोरच्याने घरी जावे! लहान पोरालाही हा फरक न शिकवता कळतो. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द आहे. तागालोगमध्ये आपल्यासारखेच दोन आहेत. आपण म्हणजे 'तायो', आम्ही म्हणजे 'कामी'. युटाहच्या पोराला हे कसे कळावे? एकदा एका घरी तो प्रार्थना म्हणायला बसला. देवाला 'आमच्या बापा' म्हणायचे, तिथे 'आपल्या बापा' म्हणून गेला. म्हणजे तो जसा माझा बाप तसा तुझाही, देवा! घरातली म्हातारी डोळे मिटून बसली होती. तिने एक डोळा उघडला आणि विचारले, "काय रे, देवालाही बाप आहे का?" सगळे घर हसले. पोराचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून तो शब्द चुकला नाही, असे तो म्हणाला. त्याचा जोडीदार उत्तरेकडच्या इलोकोस भागातला होता. त्याचीही घरची भाषा निराळी, तागालोग त्यानेही शाळेतच शिकलेली. तोच गोऱ्याला रोज शिकवी. इंग्रजीच्या बदल्यात, असे ठरले होते.

आणखी एक अडचण कॉफीची. या पंथात दारू नाही, तंबाखू नाही, इतके ठीक. पण चहा-कॉफीही नाही. आणि बातांगास तर कॉफीसाठी नावाजलेला मुलूख. तिथली कडक कॉफी 'बाराको' म्हणून प्रसिद्ध आहे. गरिबाच्या घरी गेले तरी आधी कॉफीचा पेला पुढे येतो. आपल्याकडे पाहुण्याने चहाला नको म्हटले तर घरची बाई काय मनात आणील ते सांगायला नको. पोराने सुरुवातीला नुसते 'नको' म्हटले आणि दोन घरे दुखावली. मग जोडीदाराने त्याला शिकवले. 'नको'च्या आधी घरच्या नारळाची, मिरचीची, लेकराची चौकशी करायची. मग 'मला पाणीच द्या, उन्हातून आलोय' म्हणायचे. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. आमच्या मते हे त्याने दोन वर्षांत शिकलेल्या गोष्टींतले सगळ्यांत उपयोगाचे.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार पायपीट. दारोदार 'ताओ पो' करायचे. बहुतेक दारे बंद होतात. फिलिपीन्स हा ख्रिस्ती देशच आहे. दर दहा माणसांत सुमारे आठ कॅथलिक. त्यांना वाटते, आमचा येशू आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, हा कालचा पोरगा काय सांगणार? कुणी हसून जा म्हणतात, कुणी कुत्रे सोडतात. तरीही १९६१ सालापासून ही मुले तिथे जात आहेत, आणि आज त्या देशात या पंथाचे आठ लाखांहून जास्त सभासद आहेत.

आपल्या मुलखातही ते एकदा येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला, पुढे पुण्यास गेला. इंग्रजांच्या छावणीतले अधिकारी त्याच्या विरुद्ध होते. मोजकी माणसे त्याला मिळाली. चार-पाच वर्षांत ते काम बंद पडले. पुण्याच्या रस्त्यांनी तो किती दारांवरून परत फिरला असेल, कोण जाणे.

शनिवारी पुन्हा मावशीचे छप्पर. पोटापाण्याचा धंदा नसलेली ही मुले दर आठवड्याला काही तास अशा कामाला देतात. कुणाची विहीर उपसायची, कुणाच्या भाताची लावणी करायची. लावणीत गोरा पोरगा तासाभरात कंबर धरून बांधावर बसला, आणि गावातल्या बायांनी त्याच्या रांगेतली रोपे उपटून पुन्हा लावली, असे आमच्या खलाशाने मोठ्या आनंदाने सांगितले.

येथे आमच्या वर्गातला एक सुतार उठला. म्हणाला, "गुरुजी, मला एक सांगा. आधी पत्रे बसवायचे आणि मग हळूच धर्म गळ्यात घालायचा. असेच ना हे?"

वर्ग गप्प झाला. प्रश्न खरा होता. खलाशी म्हणाला, "मीही त्याला हेच विचारले होते, गुरुजी." पोराने छपरावरून खाली उतरून उत्तर दिले होते. म्हणाला, "मी धर्म सांगायला आलो आहे. ते लपवत नाही, छातीवर पट्टी लावूनच फिरतो. पण पत्र्यांचा मोबदला मागत नाही. मावशी आमच्या चर्चला आल्या नाहीत तर मी पत्रे काढून नेणार नाही."

आम्हांला हे उत्तर प्रामाणिक वाटले. तरी सुताराची शंका आम्ही खोडून काढली नाही. का, ते सांगतो. आम्ही लहान असताना आमची मॅट्रिकची फी गावातल्या एका सज्जन गृहस्थांनी भरली. त्यांनी आमच्याकडे कधी काही मागितले नाही. एक शब्दाने आठवण दिली नाही. पण ते रस्त्याने येताना दिसले की आम्ही सायकलवरून खाली उतरत असू. पुढे मुख्याध्यापक झालो तरी उतरत असू. त्यांनी एखाद्या निवडणुकीत, एखाद्या भांडणात आमचे मत मागितले असते तर 'नाही' म्हणायला आमची जीभ रेटली नसती. उपकार करणाऱ्याच्या मनात काही नसते, हे खरे. पण ज्याच्यावर उपकार झाला त्याची मान आपोआप खाली जाते. वरून पत्रा ठोकणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून ज्याला धर्मही सांगायचा आहे आणि सेवाही करायची आहे, त्याने जास्त जपून चालायला हवे, असे आमचे मत आहे.

आपल्या गाडगेबाबांचे पाहा. बाबा १९५६ साली गेले. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. रात्री कीर्तन. कीर्तनात देव होता, पण दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, हेही होते. पाया पडू देत नसत. आणि काम झाले की पुढच्या गावाला निघून जात. झाडलेल्या रस्त्याचे उपकार वसूल करायला थांबत नसत. सुतार म्हणाला, "ही पोरेही दोन वर्षांनी निघून जातात की." तेही खरेच. सुतार दोन्ही बाजूंनी विचार करणारा माणूस आहे, त्याला लवकर लिहिता आले पाहिजे.

रविवार त्यांचा उपासनेचा दिवस. त्यांच्या गावोगावच्या चर्चमध्ये पगारी पुजारी नसतो. गावातलाच कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार काही वर्षे ते काम पाहतो. भाकरीचा म्हणजे पावाचा तुकडा आणि पाणी वाटतात, द्राक्षाची दारू नाही. भाषणही सभासदांतलाच कुणी करतो, कधी एखादी बाई, कधी शाळकरी पोर. तो रविवार महिन्याचा पहिला होता. त्या दिवशी ते दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. आपली एकादशी आणि दुप्पट खाशी, तसे नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने येतो म्हणून शब्द दिला होता. महिनाभर या दोघांचे बोलणे त्याने ऐकले होते. गोरा पोरगा उपाशी पोटी दारात उभा राहिला. उपासना सुरू झाली तरी त्याची नजर रस्त्यावर. म्हातारा आला नाही. संध्याकाळी दोघे त्याच्या घरी गेले. म्हातारा अंगणात म्हशीला वैरण टाकत होता. त्याने मान वर केली नाही. पोराला रागही आला आणि रडूही. काय बोलावे ते त्या भाषेत सुचेना. तो नुसता वैरणीचा भारा उचलून द्यायला लागला. भारा संपला. मग म्हातारा म्हणाला, "काइन तायो." म्हणजे, 'चला, आपण जेवू.'

आपण म्हणाला, बरे का. तायो.

दोघांचा उपास सुटायची वेळ झालीच होती. ते जेवायला बसले. चर्चचा विषय कुणी काढला नाही.

हे ऐकून वर्गातल्या बायांनी एकच विचारले. मावशी पुढे त्यांच्या चर्चला गेली की नाही? म्हातारा गेला की नाही? खलाशी म्हणाला, "आमची बोट मंगळवारी सुटली, बाई. मावशी त्या रविवारी तरी आपल्या नेहमीच्या चर्चलाच गेली होती. पत्रे मात्र सगळे बसले. गोऱ्याच्या बाजूचे दोन जरा वाकडे आहेत, पण गळत नाहीत."